सात नंबरच्या खोलीतली नॉर्वेजियन

डार्विन, १४ जून २०२०

प्रिय मामा,

ताजी बातमी अशी की आमच्या केअर होममध्ये सात नंबरच्या खोलीत आलेल्या ओस्ला हॉलक्रो, वय अठ्ठ्याऐंशी, नॉर्वेजियन आहेत. आमची मॅनेजर विनिता हिने शुक्रवारी हे कन्फर्म केलं. विनिताला हॉस्पिटलच्या कागदांनी सांगितलं. कागदांना कुणी सांगितलं, ते शोधण्यात आता अर्थ नाही.

तू म्हणालास, मेसेजमधून तुकडे पाठवू नकोस, भाचीने मामाला लिहावं तसं रीतसर पत्र लिही, तीन महिन्यांसाठी पुण्याहून मेलबर्नला मुलाकडे आलो आणि विमानं बंद झाली, वाचायला काहीतरी हवं. म्हणून लिहितेय, तेही डबल शिफ्टच्या मधल्या सुट्टीत, कार पार्कमध्ये गाडीत बसून. चुका काढू नकोस. काढशीलच.

तर ओस्ला आजी. साठ वर्षांपासून ऑस्ट्रेलियात आहेत, मुलाबरोबर राहायच्या. मुलगा समुद्रात गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामाला असतो. कोविडमुळे त्यांच्या पाळ्या लांबल्यात, वर येताजाता दोन-दोन आठवडे हॉटेलात क्वारंटाइन. तो तिकडे असताना आजी घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि भूल उतरल्यावर त्या जे बोलायला लागल्या ते कुणालाच कळेना. ऐकायला इंग्लिशसारखं, पण हातात काही लागत नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा फाइलवर लिहिलेलं होतं, भाषा: नॉर्वेजियन. दुभाषी: हवा.

पहिले चार दिवस चमचा जवळ आला की त्या ओठ मिटून घ्यायच्या. मग गुरुवारी दुपारी तीनला दुभाषी बाईंचा फोन आला. टोरिल नाव, मेलबर्नला असतात, तुझ्यापासून तासाभरावर. आमच्याकडे नियम आहे की इंग्लिश न येणाऱ्यांना आठवड्यातून अर्धा तास दुभाषी मिळतो. मी रिसीव्हर आजींच्या कानाला लावला. टोरिल बोलायला लागल्या. मग जी बडबड सुरू झाली! हसल्यासुद्धा. फोन ठेवला आणि वाटीभर सूप प्यायल्या.

आता आठवड्याचे उरलेले सहा दिवस मी काय करू? तू आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवलंस. मला कामापुरते चार नॉर्वेजियन शब्द दे ना. आजी काय काय बोलतात त्यातलं कानाला पडेल ते लिहून पाठवतेय. इंग्लिश स्पेलिंग जमेना, म्हणून देवनागरीत लिहिलंय: 'दू' (माझ्याकडे बोट दाखवून), 'बेर्न', 'हेम', 'हूस', 'डिस' आणि 'डॅट', 'पीरी', 'ब्लाइड'. रोज अंधारायला लागलं की खिडकीकडे बघून 'मिर्कनिन'.

हृषिदादाला आणि स्वरदावहिनीला हाय सांग.

तुझी,
मयूरा

•

टार्निट, १९ जून २०२०

चि. मयूरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या ओस्लाबाई नॉर्वेजियन नाहीत. हे मी स्वतः कन्फर्म करतो.

तू शब्द देवनागरीत लिहिलेस हे फार उत्तम केलंस. इंग्रजी स्पेलिंगने सगळा पुरावा नष्ट केला असता. 'दिस'चं 'डिस' आणि 'दॅट'चं 'डॅट' वाचलं तेव्हाच मला संशय आला आणि 'मिर्कनिन'पाशी खात्री पटली. बाई शेटलंडच्या आहेत. स्कॉटलंडच्याही उत्तरेला समुद्रात ही बेटं आहेत. सहाशे वर्षं ती नॉर्वेच्या ताब्यात होती. पंधराव्या शतकात तिथल्या राजाने मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, ठरलेला हुंडा उभा राहिना, म्हणून बेटं गहाण टाकली आणि ती कधी सोडवलीच नाहीत. मुलीच्या बापाची अशी गोष्ट तुला इथे कुणी सांगणार नाही. बेटांवरची जुनी नॉर्स बोली हळूहळू विझली, पण स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत, मिसळून उरली. 'मिर्कनिन' म्हणजे तिन्हीसांज. 'ब्लाइड' म्हणजे आनंदी, नॉर्वेत 'ब्ली'. 'बेर्न' म्हणजे मूल, 'हेम' म्हणजे घर, 'पीरी' म्हणजे छोटं. 'पीरी'चं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही, त्यामुळे हा शब्द मला विशेष आवडतो. 'दू' म्हणजे आपलं 'तू'. बाईंनी तुला 'यू' न म्हणता 'दू' म्हटलं, म्हणजे तू त्यांना घरची वाटतेस.

मात्र एक गल्लत करू नकोस. 'हूस', म्हणजे 'हाउस', हा शब्द नॉर्वेतून आला असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात. चूक! इंग्रजसुद्धा एके काळी 'हूस'च म्हणत. पुढे दक्षिणेकडच्या लोकांनी स्वर बदलला, उत्तरेच्या लोकांनी आणि नॉर्वेकरांनी बदलला नाही. दोन मावसबहिणींची नाकं सारखी असली, तर एकीने दुसरीचं नाक उसनं घेतलं असं आपण म्हणतो का?

बेटावरची माणसं परक्यांशी बोलताना ठेवणीतलं इंग्रजी बोलतात. बाईंनी साठ वर्षं ऑस्ट्रेलियात तेच केलं असणार. भुलीने ते ठेवणीतलं तेवढं पुसलं. तुझ्या वडिलांकडची मंडळी पुण्यात आली की मालवणी गिळून बोलायची, तसंच.

फाइलमध्ये अशी ढोबळ चूक राहणं बरं नाही. तुला शिफ्टमधून वेळ मिळायचा नाही, म्हणून मीच इंग्रजीत दोन पानी टिपण लिहून, सहीनिशी, तुमच्या केअर होमच्या पत्त्यावर काल ईमेल केलं. सोबत माझी शैक्षणिक माहितीही जोडली.

इकडे हृषिकेश जेवणाच्या टेबलावर ऑफिस चालवतो, स्वरदा बेडरूममध्ये. चिन्मयीला मी काही विचारलं की ती म्हणते, "ना, आय'म गुड, आजोबा." नऊ वर्षांची आहे. काय विचारलं होतं ते तिला कळतं की नाही, हे कळायला मार्ग नाही. तुझ्या शब्दांमुळे आठवडा चांगला गेला. पुण्याच्या त्रैमासिकाचे संपादक श्रीनाथ लेख मागत होतेच. विषय मिळाला.

तुझा,
पद्माकरमामा

•

डार्विन, ३ जुलै २०२०

मामा,

अभिनंदन. ओस्ला आजींच्या फाइलमधली चूक दुरुस्त झाली. विनिताने स्वतः दुरुस्त केली आणि मला बोलावून दाखवली. भाषा: इंग्लिश. दुभाषी: नको.

"युअर अंकल इज अ जेम, मयूरा. व्हॉट क्लॅरिटी!" असं म्हणाली. विनिता वाईट नाही. कोचीनची आहे, बारा तास राबते, आणि ऑडिटच्या तोंडावर एका फाइलमधला एक प्रश्न कमी झाला तर तिला हायसं वाटतं. त्यात आजींच्या मुलाचाही प्लॅटफॉर्मवरून ईमेल आला: आई इंग्लिशच बोलते, आयुष्यभर माझ्याशी इंग्लिशच बोलली, आता हट्ट करतेय. तुझं टिपण आणि मुलाचा ईमेल. विषय संपला.

कॉम्प्युटरवरच्या भाषांच्या यादीत 'स्कॉट्स' नाही. 'शेटलंड' तर नाहीच. तुझ्या टिपणात तू लिहिलंस की ही 'स्कॉट्सची उत्तरेकडील बोली, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातली'. विनिताने 'इंग्रजी' या शब्दाखाली रेघ मारली आणि बाकी दोन पानं फाइलला लावली.

काल गुरुवार होता. इंग्लिश येणाऱ्यांना दुभाषी मिळत नाही, त्यामुळे टोरिलचा फोन आला नाही. आजींना वार कळत नाही असं कागदावर लिहिलंय, पण पावणेतीनला त्यांनी केस विंचरून घेतले आणि फोनकडे तोंड करून बसल्या. चार वाजता मी खुर्ची फिरवली. रात्री जेवल्या नाहीत. आज सकाळीही नाही.

तू ईमेल करण्याआधी मला एक फोन करायला काय झालं होतं?

मयूरा

•

टार्निट, ९ जुलै २०२०

चि. मयूरा हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्रीपासून आम्ही पुन्हा बंदिस्त झालो. हृषिकेश म्हणतो सहा आठवडे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ओस्लाबाई जेवत नाहीत हे वाचून वाईट वाटलं. परंतु मयूरा, चुकीच्या नोंदीमुळे झालेली सोय ही सोय असली तरी नोंद चूकच. माझ्या टिपणात चूक एकच: त्यांना ते पूर्ण वाचता येईल असं मी गृहीत धरलं. पहिल्या पानावर 'कूळ' म्हटलं आहे, दुसऱ्यावर 'स्वतंत्र परंपरा'. त्यांनी पहिल्यावरच थांबावं याला मी काय करू?

यावर उपाय आहे. यादीत 'इतर' असा पर्याय असतोच. तिथे 'शेटलंडिक' लिहायचं. विनिताबाईंसाठी मी सविस्तर निवेदन तयार केलं आहे. अकरा पानं झाली. मुद्दे क्रमवार आहेत. आज पाठवलं.

श्रीनाथना लेख फार आवडला. दिवाळीच्या आधीच्या अंकात घेतो म्हणाले. बाईंचं नाव अर्थातच दिलेलं नाही, 'श्रीमती ओ.' म्हटलं आहे. आठव्या-नवव्या शतकातल्या दर्यावर्द्यांची बोली डार्विनच्या एका खोलीत अकराशे वर्षांनी जिवंत आहे, असा शेवट केला आहे. त्यांना आणखी उदाहरणं हवी आहेत. बाई नवं काही बोलल्या असतील तर कळव. देवनागरीतच.

प्रकृतीला जप.

पद्माकरमामा

•

डार्विन, २६ जुलै २०२०

मामा,

नवी उदाहरणं नाहीत. श्रीमती ओ. बोलत नाहीत.

'इतर' निवडलं की कॉम्प्युटर भाषेचा नंबर मागतो. शेटलंडिकला नंबर नाही. विनिताने तुझ्या अकरा पानांतलं पहिलं प्रिंट केलं आणि मला विचारलं, "समरी आहे का?"

आता नीट वाच. पटापटा नको. १३ ऑगस्टला आजींची असेसमेंट आहे. दुसऱ्या शहरातले डॉक्टर व्हिडिओवरून तीस मार्कांचे प्रश्न विचारणार. आज कोणती तारीख, हे काय, ते काय. अठराच्या खाली आलं तर आजींना मागच्या लॉक्ड विंगमध्ये हलवणार. तिथल्या दाराला नंबरचं कुलूप आहे, खिडकी आतल्या पॅसेजवर उघडते, आणि तिथून परत आलेलं कुणी मी सहा वर्षांत पाहिलेलं नाही. फाइलवर इंग्लिश आहे, म्हणून प्रश्न इंग्लिशमध्ये, उत्तरं इंग्लिशमध्ये, दुभाषी नाही.

काल विनिताने सराव म्हणून चित्रं दाखवली. होडीला आजी म्हणाल्या 'योल'. शून्य. पक्ष्याचं चित्र दाखवलं, म्हणाल्या 'स्कार्फ'. शून्य. "आता कोणता महिना?" असं विचारल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. एकूण अकरा.

टोरिलबरोबर जूनमध्ये हीच टेस्ट झाली होती, तेव्हा बावीस होते. तो कागद आता धरत नाहीत, कारण तो 'चुकीच्या भाषेत' घेतला होता.

वजन साडेतीन किलो उतरलंय. दूध आणि सप्लिमेंटवर आहेत, जेवण म्हणून फक्त गुरुवारी दोन-तीन चमचे खातात. का ते विचारू नकोस.

मला तुझी सही हवी आहे. एक ओळ: ओस्ला हॉलक्रो यांची भाषा नॉर्वेजियन. तू एक्सपर्ट म्हणून फाइलमध्ये आहेस, त्यामुळे दुरुस्ती तुझ्याकडूनच चालेल. मुलगा ऐकणार नाही. त्याने आईची भाषा कधी ऐकलेलीच नाही रे. ती त्याच्याशी साठ वर्षं ठेवणीतलंच बोलली.

खोटं लिही म्हणतेय, माहितीये मला. दहावीच्या सुट्टीत तू रोज दुपारी बसवून माझं मालवणी सुधारलंस. तेव्हा मी ऐकलं. आता तू माझं ऐक.

मयूरा

•

टार्निट, ४ ऑगस्ट २०२०

चि. मयूरा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला उत्तर लिहिलं होतं. पाच पानांचं. चाळीस वर्षांत खोट्या विधानाखाली सही केली नाही, वगैरे. ते पाठवलं नाही. कारण सांगतो.

'स्कार्फ' म्हणजे पाणकावळा. नॉर्वेतही, शेटलंडमध्येही. बाईंनी नुसता पक्षी नव्हे, पक्ष्याची जात सांगितली, आणि त्यांना शून्य मिळालं. मी घरभर फिरत ओरडत होतो. स्वरदा मीटिंगमध्ये होती, तिने दार लावून घेतलं. चिन्मयीने मात्र विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, आजोबा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर." यावर माझ्याकडे पाच पानं होती, पण तिच्या वाक्यात भर घालता येईना.

दुसरं. गेल्या आठवड्यात माझं ब्लडप्रेशर वाढलं. इथे आता डॉक्टरही फोनवरच. त्यांच्या क्लिनिकने माझ्या नावापुढे भाषा 'हिंदी' अशी टाकलेली. डॉक्टरीणबाईंबरोबर लाइनवर एक हिंदी दुभाषी. मी सांगितलं की मी मराठी आहे आणि मला इंग्रजी उत्तम येतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि त्या गेल्या. दुभाषी मागे राहिले. मिश्रा म्हणून गृहस्थ, बनारसचे, माझ्याच वयाचे, डँडेनाँगला मुलीकडे. म्हणाले, "भाईसाहब, खाना-वाना हो गया?" मग आम्ही वीस मिनिटं बोललो. हिंदीत. माझं हिंदी तुला ठाऊकच आहे, लिंगाचं काही खरं नाही. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आठवड्याभरात या घरात 'जेवण झालं का' याच्यापलीकडे मी कुणाशी बोललेलो नव्हतो. पुढची तपासणी सोळा तारखेला आहे. क्लिनिकच्या मुलीने विचारलं, "लँग्वेज स्टिल हिंदी?" मी हो म्हटलं.

तर मी नवं टिपण लिहिलं. असं की त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आणि निष्कर्ष मात्र तुला हवा तो निघावा. बेटांचा इतिहास, नॉर्स शब्दसंग्रह, इंग्रजीतून घेतलेली चाचणी शास्त्रीयदृष्ट्या अग्राह्य, उपलब्ध दुभाष्यांपैकी नॉर्वेजियन सर्वांत जवळचा. दोन दिवस खपलो. मला ते फार साधलं असं वाटलं.

काल संध्याकाळी विनिताबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सर, व्हेरी इंटरेस्टिंग. पण मला बॉक्स भरायचाय. नॉर्वेजियन, येस ऑर नो?"

मी म्हणालो, "ॲक्च्युअली, इट डिपेंड्स ऑन..."

"सर, येस ऑर नो?"

मागे कुणाची तरी बेल वाजत होती. बाई थकलेल्या होत्या.

मी म्हणालो, "येस."

त्या म्हणाल्या, "थँक यू, सर," आणि फोन ठेवला. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत माझं म्हणणं इतक्या चटकन कुणी मान्य केलेलं नाही.

आता आठ वाजल्यापासून इथे संचारबंदी असते. तेराची वाट बघतो.

मामा

•

डार्विन, १६ ऑगस्ट २०२०

मामा,

तेवीस! तीसपैकी तेवीस. डॉक्टरांनी परवा लेखी कळवलं. आजी सात नंबरमध्येच राहणार.

टोरिल तीनला लाइनवर आली. आजींनी टोरिलला असं काही झापलं की ते भाषांतराशिवायही कळलं. इतके दिवस कुठे होतीस? डॉक्टर व्हिडिओवर थांबून राहिले. मग प्रश्न झाले. पक्ष्याला आजी पुन्हा 'स्कार्फ' म्हणाल्या, टोरिल म्हणाली "कॉर्मोरंट", आणि डॉक्टर म्हणाले, "गॉश, आय वुड हॅव जस्ट सेड बर्ड." तारीख चुकली. महिना बरोबर. पंतप्रधान कोण याला आजींनी काहीतरी उत्तर दिलं आणि टोरिलने ते भाषांतरित करायला नकार दिला. डॉक्टरांनी तरी एक मार्क दिला.

त्या रात्री सूप, ब्रेड आणि माझ्या डब्यातला शिरा.

आता दोन गोष्टी. बसून वाच.

एक. असेसमेंट संपल्यावर टोरिलला मी थँक यू म्हटलं आणि विचारलं, तुम्हाला खरं कधी कळलं? ती म्हणाली, "पहिल्या मिनिटाला." मी म्हटलं, मग फॉर्मवर दर आठवड्याला 'भाषा बरोबर' अशी टिक? ती म्हणाली, "शी वॉज टॉकिंग. आय वॉज अंडरस्टँडिंग. दॅट इज माय जॉब, नो?" तीही एकटीच राहते, अडुसष्टची आहे. जूनमध्ये आठवड्याभरात तिला हा एकच कॉल असायचा.

दोन. टोरिलला आजी इतक्या कळतात कशा, तर तुझ्या अकराशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्द्यांमुळे थोडंफार कळतं म्हणाली, पण बाकीचं सरळ आहे. आजी दहा वर्षांच्या असताना, महायुद्धात, नॉर्वेतून मासेमारीच्या होड्यांतून माणसं पळून शेटलंडला यायची. त्यातलं एक कुटुंब आजींच्या घरी राहिलं. आई, आईची आई आणि एक मुलगी, ओस्ला आजींच्याच वयाची. दोघी एका पलंगावर झोपायच्या. आजी टोरिलशी जे बोलतात त्यातले निम्मे शब्द त्या मुलीचे आहेत. ती मुलगी पुढे गेली आणि पत्रव्यवहार राहिला नाही. टोरिल म्हणते, पहिल्या गुरुवारी तिचा आवाज ऐकल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तू परत कधी आलीस.

म्हणजे तू पाठवलेलं पहिलं टिपणही पूर्ण बरोबर नव्हतं, आणि तुझं 'येस'ही पूर्ण खोटं नव्हतं. श्रीनाथकाकांना काय सांगायचं ते तू बघ.

आणि मीही एक सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या गुरुवारनंतर जुलैतले उरलेले चारही गुरुवार तीनला मी आजींच्या हातात रिसीव्हर द्यायचे आणि स्टाफरूममधून आतल्या लाइनवर स्वतः बोलायचे. मला नॉर्वेजियन कुठलं येतंय? मालवणीत बोलले. "काय गो आजये, जेवलंस मां?" आधी दोन वाक्यांवर अडकले. तू सुधारून ठेवलेलंस ना. मग येत गेलं. आजी शांतपणे ऐकायच्या, "या, या" म्हणजे हो, हो म्हणायच्या, रिसीव्हर नीट खाली ठेवायच्या आणि दोन-तीन चमचे खायच्या. त्यांना काही कळलं असेल असं नाही. टोरिल नाही हे तर नक्कीच कळलं असेल.

एक नवी भानगड आहे. 'नॉर्वेजियन' अशी एक्सपर्टने पडताळलेली नोंद झाल्यामुळे वरच्या ऑफिसला कुणीतरी कळवलंय, आणि त्यांना आपल्या रहिवाशांची काळजी त्यांच्याच भाषेत घेतल्याचं दाखवायचंय. पुढचा रिव्ह्यू १२ नोव्हेंबरला. बॉर्डर उघडी राहिली तर ॲडलेडहून डॉक्टर प्रत्यक्ष येणार. जन्म ऑस्लोचा. त्यांनी विनिताला लिहिलंय की मातृभाषेत पेशंट तपासायची वीस वर्षांत पहिल्यांदा संधी मिळतेय, फार उत्सुक आहे.

आता बोल.

मयूरा

•

टार्निट, २२ ऑगस्ट २०२०

प्रिय मयूरा,

लेख मागे घेतला. श्रीनाथ यांनी आज सकाळी तसं कळवलं. शेवट फार छान होता असं म्हणून हळहळलेही. मी म्हटलं, शेवट छान होता, पण तो एका दहा वर्षांच्या मुलीचा होता आणि मी तो दर्यावर्द्यांना देऊन टाकला होता. ते म्हणाले, मग तसं लिहा. मी म्हटलं, बाईंना विचारून सांगतो. तू विचारशील का? मिर्कनिनच्या सुमारास नको, तेव्हा त्यांना खिडकीपाशी बसू दे.

मालवणीचं वाचलं. दहावीच्या सुट्टीतल्या दुपारी मला आठवतात. तू तेव्हा 'असा' म्हणायचीस आणि मी 'आहे' म्हणायला लावायचो. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अरे, बोलू दे ना तिला." मी तिचंही ऐकलं नाही. डबल शिफ्टमधून वेळ मिळाला तर मला एखादं पत्र मालवणीत लिही. चुका काढणार नाही. मला त्यातल्या काढता येणारही नाहीत.

आता नोव्हेंबर. टोरिलबाईंचा नंबर तू दिलास तो लावला. तासभर बोललो. त्यांचं म्हणणं, बाईंना नॉर्वेजियनचे जेमतेम चाळीस शब्द येतात, तेही एका मुलीच्या खेळण्याबागडण्याचे, आणि नोव्हेंबरपर्यंत दर गुरुवारी पाच नवे घालता येतील. मी यादी करायला घेतली आहे. चिन्मयी माझ्या बाजूला बसून चित्रं काढते. पाणकावळा बरा जमलाय, होडी जरा बदकासारखी झाली आहे. काल तिने विचारलं, "आजोबा, मराठीत बोट म्हणजे काय?" मी होडी म्हणालो. ती "होडी, ओके," म्हणाली आणि लिहून घेतलं. मी उच्चाराबद्दल काही बोललो नाही.

ऑस्लोच्या डॉक्टरांसाठी मी एक पूर्वसूचना पाठवली आहे. अर्धं पान, मोजून. रुग्ण नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या समुद्रातल्या बेटांवरच्या आहेत, त्यांची बोली जुन्या वळणाची आहे, शहरातल्या माणसाला ती समजणं जड जाऊ शकतं. एकही शब्द खोटा नाही. विनिताबाईंनी विचारलं, "सर, समरी?" मी म्हटलं, हीच समरी आहे. त्यांना आनंद झाला.

मी टोरिलबाईंना विचारलं, तरी डॉक्टरांना चार वाक्यांत कळणार नाही का? त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी, आणि समोरच्याची बोली कळली नाही असं म्हणणं ऑस्लोच्या माणसाला फार लाजिरवाणं वाटतं. आपण राजधानीचे म्हणून शिष्ट, असा अर्थ निघतो. त्यामुळे तो माणूस हसरा चेहरा ठेवून सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि सगळं समजल्यासारखं लिहितो.

ॲडलेडचं विमान बारा नोव्हेंबरला सकाळी डार्विनला उतरेल. अकरा वाजता डॉक्टर सात नंबरमध्ये असतील. ओस्लाबाई बोलतील, आणि डॉक्टर मान डोलावतील अशी अपेक्षा आहे.

तुझा,
मामा